पहिलटकरणीची हाक

जळगावातल्या आमच्या कॉलनीच्या मागे काही प्लॉट अजून मोकळे आहेत. काटेरी बाभळी माजल्यात, कुणीतरी पाडलेल्या भिंतीचे तुकडे पडलेत. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथून एक कळप परततो. वीस-पंचवीस शेळ्या, दोन बोकड आणि मागे काठी खांद्यावर आडवी टाकलेला एक म्हातारा. त्या वेळेला माझी माय गॅलरीत खुर्ची ओढून बसते. कळप दिसेनासा होईपर्यंत तिची मान त्याच्याबरोबर वळत राहते. तिला त्यांचा आवाज येत नाही. मला येतो.

गेल्या महिन्यापर्यंत मी त्या वेळेला गॅलरीत जायचं टाळत होतो. डाळ मिलमधून लवकर सुटलो तरी चौकात चहा घेत थांबायचो, कळप गेला असेल असा अंदाज बांधून मगच घरी यायचो. बायकोला वाटायचं मला मित्र जमलेत.

आमचं गाव दोंडाईचापासून पाऊण तासावर. वडील लवकर गेले. जमीन होती ती थोडी आणि कोरडवाहू, ती चुलत्यांनी केली. घर चालवलं ते मायने आणि तिच्या शेळ्यांनी. घरामागे निंबाचं झाड, त्याला टेकून पळाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या काड्यांचं छप्पर, छपरात कधी सात, कधी अकरा शेळ्या. मी तिथे वाढलो. शाळेचा अभ्यास मी त्यांच्या आवाजात केला, आजारी पडलो तो त्यांच्या आवाजात, आणि नोकरीला निघालो त्या सकाळी पिशवी उचलून दारात उभा राहिलो तेव्हाही मागून एक करडू आईला शोधत ओरडत होतं.

मायला प्रत्येक शेळीचा आवाज ठाऊक होता. यात विशेष काही नाही, शेळ्या पाळणारं कुणीही ते सांगेल. पण ती त्याहून जास्त ऐकायची. स्वयंपाक करता करता, पाठ तिकडे असताना, ती म्हणायची, "हाऊ बोकड होई," आणि ते करडू अजून चार आठवड्यांचंही नसायचं. नर करडाचा आवाज लवकर जाड होतो, ते हाक मारतं तेव्हा शेवटी आवाज खाली पडतो. मादीचा वर जातो आणि वरच राहतो. मला ते कळायला बरीच वर्षं लागली. म्हाताऱ्या शेळ्यांची हाक आखूड असते. एकदा ओरडायचं आणि थांबायचं, उत्तर येतंय का ते ऐकायचं. तरुण शेळ्यांना थांबणं माहीत नसतं. ज्या अजून व्यायलेल्या नाहीत त्यांना आमच्याकडे पाठ म्हणतात. पाठ ओरडते ती लांबलचक, कुणाला ओरडतेय हे तिचं तिलाच माहीत नसल्यासारखी.

एकदा मायने दोंडाईचाच्या बाजारातून एक पाठ आणली. तिचा आवाज आमच्या शेळ्यांपेक्षा अगदी वेगळा, नाकातून येणारा. पहिले काही दिवस आमच्या शेळ्या तिच्या हाकेला मानसुद्धा वळवायच्या नाहीत. वर्षभरात ती आमच्यांसारखी ओरडायला लागली. एवढी, की मी छपराकडे पाठ करून तिला ओळखू शकायचो नाही. मी जळगावात नोकरीला लागल्यावर दोन-तीन वर्षांनी फोनवर मायने मला विचारलं होतं, "कोन बोली ऱ्हायना?" मी म्हणालो, "अगं माय, मी बोलतोय." ती हसली. म्हणाली, "पेपरसारखा बोलस तू आते." तेव्हा मला ती बाजारातली पाठ आठवली आणि मी विषय बदलला.

व्यायच्या वेळची हाक तर तिच्यालेखी सगळ्यात महत्त्वाची. जुनी शेळी व्यायला आली की जवळजवळ ओरडतच नाही. तोंड मिटून घशातल्या घशात घुमते, पोटातल्या पिलाशी बोलत असावी तशी. तिला माहीत असतं काय होणार आहे. पहिलटकरीण मात्र घाबरते. ती मागे वळून बघते, उठते, बसते आणि कळपाला हाका मारते. त्या हाकांच्या मधल्या अंतरावरून माय सांगायची, अजून किती वेळ आहे. अंतर कमी झालं की ती हातातलं काम टाकून उठायची. पिलू पायाकडून येत असेल, एखादा पाय दुमडला असेल, तर ती हाताला गोडंतेल लावून ते सरळ करायची. तिच्या हातून पिलू गेल्याचं मला आठवत नाही.

लहानपणी मी करडाचा आवाज हुबेहूब काढायचो. मी छपरामागे लपून ओरडलो की व्यायलेली शेळी चारा सोडून धावत यायची आणि मी हसून लोळायचो. मायने एकदा ते पाहिलं. मारलं नाही. माझा कान धरून म्हणाली, "खोटी हाक नको मारू. एकदाव येई, दोनदाव येई. मंग खरी हाक मारी तरी येवाव नही." आमच्या घरात तेवढा एक नियम होता. ताट टाकलं तरी चालायचं, शाळा बुडली तरी चालायचं, पण जनावराला खोटी हाक मारायची नाही.

मायचं ऐकू येणं कमी होत गेलं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. तिलाही नाही. आधी करडांचा आवाज गेला. तिला वाटलं करडंच गप्प आहेत. मी गावी गेलो होतो तेव्हा ती काळजीने म्हणाली, "यंदानं करडू मुकं शे का रे?" ते करडू तिच्या पायाशी उभं राहून जीव तोडून ओरडत होतं. मग पाठींचे आवाज गेले. फोनवर माझ्या मुलीचं बोलणं तिला कळेना, माझं कळायचं. सगळ्यात शेवटी बोकडाचं ते जीभ बाहेर काढून केलेलं बुडबुडणं तेवढं उरलं आणि एका हिवाळ्यात तेही गेलं.

शेजारची काकू तिला चिडवायची. मला बघून मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "तुन्ही माय बकरीना फोन लगेच उचलस, तुन्हा नही!" गंमत अशी की ते खरंच होतं. कान गेल्यावर मायने नवीन पद्धत शोधली होती. शेळीने तोंड उघडलेलं दिसलं की ती तळहात तिच्या गळ्याखाली लावायची आणि डोळे मिटायची. मग सांगायची, तहान लागली आहे, किंवा पिलू दिसत नाही, किंवा उगाच. दिसेल त्या शेळीचं तिला कळायचं. छपरात, नजरेआड असलेलीचं कळायचं नाही.

मी तिच्या मागे लागलो होतो. जळगावला चल. एकटी राहतेस, रस्त्यावर मागून गाडी आली तरी कळत नाही. ती हो म्हणायची आणि पुढे काहीतरी जोडायची. ही व्याली की येते. हिचं पिलू चरायला लागलं की येते. मला राग यायचा. मी तो तिच्यावर काढू शकत नव्हतो म्हणून शेळ्यांवर काढायचो. मनातल्या मनात म्हणायचो, या संपल्या की सुटेल ती.

तीन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी चार दिवस गावी गेलो. बायको आणि मुलगी तिच्या माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे आम्ही दोघंच. घरात एक पाठ गाभण होती, पहिल्यांदाच व्यायची होती. मायने आयुष्यात जी पहिली शेळी आणली होती, तिच्याच वंशातली ही. माय दोन रात्री नीट झोपली नव्हती. ऐकू येत नाही म्हणून दर थोड्या वेळाने उठून बॅटरीने बघून यायची. तिसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण झालं, ऊन असं होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता. ती म्हणाली, "भाऊ, मी जरासी पडस. तू आठेच बस. ती वरडनी का माले उठाड."

मी ओट्यालगतच्या खोलीत पंख्याखाली बसलो. हातात मोबाइल होता. ती पलीकडच्या भिंतीशी चटई टाकून आडवी झाली.

पाऊण एक तासाने पाठ ओरडली.

मी ती हाक ओळखली. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण तीन वर्षं मी स्वतःला वेगवेगळ्या गोष्टी सांगत होतो. मिलच्या यंत्रांनी माझे कान बधिर झालेत, पंख्याचा आवाज होता, मला वाटलं पाणी मागतेय. यातलं काही खरं नाही. ती पहिलटकरणीची हाक होती, लांब, वर जाणारी आणि शेवटी कापणारी. मी त्याच आवाजात वाढलो होतो.

त्याच वेळी माय कुशीवर वळली. अर्धवट डोळे उघडून तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वरडनी का रे?"

मी मान हलवली. नाही.

ती लगेच पुन्हा झोपली. माझ्यावर विसंबून झोपली.

मी तसं का केलं? ती दमली होती, तिला थोडं झोपू द्यावं, हे होतंच. अजून बराच वेळ आहे असंही वाटलं. ऊन होतं, मला उठायचा कंटाळा होता. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक विचार होता. बिघडलं तर बिघडू दे, मग ती येईल माझ्याबरोबर. हा विचार मी तेव्हा शब्दांत केला नव्हता. पण तो तिथे होता.

पाठ ओरडत राहिली. हाकांमधलं अंतर कमी झालं. मी मोबाइलमध्ये बघत राहिलो. मग एक आखूड, फाटका आवाज आला आणि शांत झालं. मी म्हटलं, झालं असेल नीट.

माय तासाभराने आपली आपण उठली, सरळ छपरात गेली. मी तिच्या मागे गेलो. पिलाचा एक पाय मागे दुमडलेला होता. डोकं बाहेर येऊन अडकलं होतं. मायने हात घालून पाय सरळ केला, पिलू बाहेर काढलं, नाकातोंडातलं बोटाने काढलं, उलटं धरून झटकलं, छाती चोळली. मादी होती, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. बराच वेळ माय चोळत राहिली. मग तिने ते पाठीपुढे ठेवलं. पाठ ते चाटत होती आणि तोंड मिटून घुमत होती. आयुष्यात कधी न काढलेला तो आवाज तिला कुणी शिकवला होता कुणास ठाऊक.

माय म्हणाली, "मन्हा डोया लागना. मन्हामुये गयं ते."

मी तिला तसं म्हणू दिलं.

पुढचे तीन दिवस ती शेळी पिलाला हाका मारत होती. एकदा ओरडायची आणि थांबायची. एका दुपारीत तिला थांबणं आलं होतं. मायला ऐकू येत नव्हतं, पण ती जाऊन जाऊन तिच्या गळ्याखाली हात लावून बसायची. मला घरात कुठेही बसलो तरी ऐकू येत होतं. गल्लीत जो भेटेल त्याला माय सांगत होती की आपण झोपलो, कान गेले तरी आजवर डोळे शाबूत होते, आता तेही फसवायला लागले. काकूने एरवी काहीतरी टोमणा मारला असता. तिने फक्त मायच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

मी रजा वाढवली. पंधरा दिवसांत शेळ्या विकल्या. दोंडाईचाचा मुसलमान व्यापारी मायच्या ओळखीचा होता, त्याच्या बापाकडूनच तिने पहिली शेळी आणली होती. छोटा टेम्पो घेऊन आला आणि ओट्यावर बसून राहिला. हातवारे करत मोठ्याने म्हणाला, "अक्का, मैं ले तो जाऊंगा. पण आठ दिवस माझ्या घरात कुणाला झोप नाही येणार. ह्या सगळ्या तुला बोलावत बसतील."

मायला थोडं कळलं, थोडं नाही. ती म्हणाली, "त्यासले मन्हा आवाज दखाडजो नको." माझा आवाज त्यांना ऐकवू नको, म्हणजे फोन लावू नको. टेम्पो सुरू झाला तेव्हा सगळ्या एकदम ओरडल्या. एकेकीचा आवाज मला वेगळा कळत होता. मायने बघितलं नाही, ती आत जाऊन कपाशीच्या काड्या आवरत बसली.

जळगावात तिला काही कमी नाही. कानाचं मशीन घेतलं, तिने आठ दिवसांत काढून ठेवलं. म्हणते, त्यात पंखा बोलतो, माणसं बोलत नाहीत. आम्ही तिच्याशी ओरडून बोलतो. सुरुवातीला खालच्या मजल्यावरच्या वहिनी दोनदा वर आल्या, भांडण चाललंय का बघायला. आता त्या येत नाहीत, पण त्यांना सगळं कळतं. मायला बद्धकोष्ठ झालं तेही कळतं.

म्हणूनच मला कबुली देता येत नव्हती. चिठ्ठी लिहावी तर तिला वाचता येत नाही. हळू आवाजात सांगावं तर ऐकू येत नाही. असली गोष्ट माणूस खाली मान घालून पुटपुटतो. मला ती ओरडून सांगावी लागणार होती, तिच्या तोंडासमोर तोंड धरून, म्हणजे ओठ बघून तिला कळेल. मी पुढे ढकलत राहिलो. तिचं मात्र थांबलं नव्हतं. मुलीने दुपारी डुलकी घेतली की ती तिला हलवून उठवायची. स्वतः दिवसा आडवी होत नव्हती. खुर्चीत बसून पेंगायची, दचकून जागी व्हायची आणि इकडेतिकडे बघायची. बायको म्हणायची, "यांना दिवसा झोपायची भीती का वाटते?" मला माहीत होतं का वाटते.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती तशीच दचकून उठली. हात पुढे करून चाचपडत होती, जणू समोर काही आहे. मी तिला म्हटलं, चल, मागे जाऊन येऊ.

आम्ही बाभळींपाशी पडक्या भिंतीवर बसलो. कळप यायला वेळ होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि ओरडलो, "माय, त्या दिवशी ती वरडली होती."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"आखाजीला. पाठ. मला ऐकू आलं होतं. तू विचारलंस, मी नाही म्हणालो. तू झोपलीस म्हणून नाही गेलं ते. मी खोटं बोललो."

माझं ओरडणं त्या मोकळ्या जागेत भयानक वाटत होतं. तिला कळलं नाही असं वाटून मी तिच्याच बोलीत पुन्हा सांगितलं. ती बोली तोंडातून अडखळत आली. "तुन्ही चूक नही, माय. मन्ही शे."

 मी रडेन असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. मग ती म्हणाली, "कशी वरडनी ती? वरडी दखाड."

मला आधी समजलंच नाही. तिने हात पुढे केला आणि तळहात माझ्या गळ्याखाली लावला. तिचा हात अजून खडबडीत आहे. तिने डोळे मिटले.

बावन्न वर्षांचा मी, केस पिकलेला माणूस, भर कॉलनीच्या मागे शेळीसारखा ओरडलो. पहिल्यांदा नीट जमलं नाही. तिने मान हलवली. दुसऱ्यांदा मी मनाने त्या खोलीत गेलो, पंख्याखाली, आणि जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं बाहेर काढलं. लांब, वर जाणारं, शेवटी कापणारं.

तिने हात काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "येळ व्हता. तव्हय उठाडतास तं वाचतं ते."

वेळ होता. ती मला दिलासा देऊ शकली असती. तसाही उशीर झाला होता असं म्हणाली असती तर मी मानलं असतं. पण शेळीच्या हाकेबाबत ती कधी खोटं बोललेली नाही, माझ्यासाठीही बोलली नाही.

मग तिने हात माझ्या गळ्यावरून डोक्यावर नेला आणि तिथेच ठेवून बसली. काही वेळाने कळप आला. ती उठली, काटे चुकवत चार पावलं पुढे गेली, आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "कोन वरडी ऱ्हायनं?"

त्या रात्री ती आठ वाजताच झोपली आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दुपारीही झोपली. गाढ. मी दाराशी उभा राहून बघत होतो.

आता मी चौकात थांबत नाही. पाच वाजता आम्ही दोघं गॅलरीत बसतो. कळप आला की ती माझ्याकडे वळते आणि मी ओरडून सांगतो. खालच्या वहिनींनाही आता शेळ्यांची बरीच माहिती झाली आहे. एक म्हातारी शेळी आहे, माय, आखूड ओरडते. बोकड मागच्या आठवड्यापासून बुडबुडायला लागलाय. दोन करडं आहेत, एक बोकड होणार बहुतेक. काल एक आवाज आला तो मला ओळखू आला नाही. नाकातून येणारा, लांब. बहुधा नवीन आणलेली पाठ. पाणी मागतेय की कुणाला शोधतेय, कळेना.

मायने विचारलं, "काय म्हनस ती?"

मी म्हटलं, "माहीत नाही, माय."

ती मान डोलावून पुन्हा कळपाकडे बघायला लागली.